गुलामांची वंशावळ मालकांच्या मृत्युपत्रांत: व्हर्जिनियातल्या कागदांचा माग

1746 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या तेव्हाच्या इंग्लिश वसाहतीत जॉन वेल्स आणि मार्था एप्स यांचं लग्न झालं. वेल्स इंग्लंडमधल्या लँकास्टरहून आलेला, वकिली आणि दलालीवर वर चढलेला माणूस. मार्था जेम्स नदीकाठच्या बर्म्युडा हंड्रेड इथल्या जुन्या जमीनदार घराण्यातली. लग्नाआधी रीतसर करारनामा झाला आणि मुलीबरोबर एप्सांकडची काही गुलाम माणसं वेल्सच्या घरी गेली. त्यांत एलिझाबेथ हेमिंग्ज नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी होती.

पुढे 1773 मध्ये वेल्स वारला आणि ही एलिझाबेथ तिच्या मुलांसह वाटणीत त्याच्या जावयाकडे गेली. तो जावई म्हणजे थॉमस जेफरसन. वाटणी झाली त्यानंतर दोनच वर्षांनी त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान जन्मतात असं लिहिलं.

एप्स, वेल्स, जेफरसन ही तीन आडनावं एका रेषेत कशी येतात, हे वर वर पाहून कळत नाही. ते कळतं लग्नाच्या करारनाम्यातून, मृत्युपत्रातून आणि वाटणीच्या यादीतून. हे कागद कसे वाचायचे, ते या घराण्याच्या आधाराने समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगते. गुलाम ठेवणाऱ्या घराण्याची वंशावळ शोधणं म्हणजे एखाद्या जमीनदाराचे पूर्वज मोजत बसणं नव्हे. ज्यांना स्वतःच्या नावाने एकही कागद करता आला नाही, त्या माणसांपर्यंत पोचायची बहुतेक वेळा ही एकच वाट आहे.

अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपली. त्यानंतरची पहिली राष्ट्रीय जनगणना 1870 ची. मुक्त झालेल्या लाखो माणसांची पूर्ण नावं सरकारी जनगणनेत पहिल्यांदा तिथे दिसतात. त्याच्या मागे जायचं म्हटलं की भिंत लागते. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांची वेगळी गणना झाली होती, पण तिच्यात नाव मालकाचं आणि त्याखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. 'स्त्री, 34, काळी', 'मुलगा, 6, मिश्र'. माणूस मोजला, पण नाव लिहिलं नाही.

नाव लिहिलं जायचं ते पैशाचा व्यवहार असेल तेव्हा. मालक मेला की त्याची मालमत्ता मोजायची, कर्ज फेडायचं, वारसांत वाटायचं. अशा वेळी नुसती 'स्त्री, 34' लिहून भागत नाही. कोणती स्त्री कोणाच्या वाट्याला, हे स्पष्ट हवं, नाहीतर भावंडं कोर्टात भांडणार. म्हणून नाव येतं. मालकाच्या घरातला मृत्यू हाच या माणसांच्या नोंदीचा प्रसंग ठरतो, आणि बऱ्याचदा त्यांच्या ताटातुटीचाही.

दोन कायदे

हे कागद समजायला व्हर्जिनिया वसाहतीतले दोन कायदे ध्यानात हवेत.

पहिला 1662 चा. त्याने ठरवलं की मूल स्वतंत्र की गुलाम, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडमध्ये मुलाचा दर्जा बापावरून ठरायचा. इथे उलट केलं. याचा परिणाम भयंकर होता. मालकाने गुलाम स्त्रीपासून मूल जन्माला घातलं तर ते मूल त्याचं अपत्य न ठरता त्याची मालमत्ता ठरायचं. या कायद्यामुळेच मालमत्तेच्या याद्यांत मूल आईच्या नावाला जोडून येतं आणि बापाची जागा जवळजवळ नेहमी रिकामी असते. मृत्युपत्रांत आणखी एक शब्दप्रयोग सारखा भेटतो: अमुक बाई 'आणि तिची पुढची वाढ' माझ्या मुलीला. गाईगुरांसाठी वापरायची तीच भाषा. अजून न जन्मलेली मुलं त्या एका ओळीत वाटून टाकलेली असतात.

दुसरा कायदा 1705 चा. त्याने वारसाहक्कासाठी गुलामांना स्थावर मालमत्ता ठरवलं, म्हणजे जमिनीसारखं. त्यामुळे विधवेला नवऱ्याच्या जमिनीबरोबर गुलामांचाही एक तृतीयांश हिस्सा मिळायचा, पण फक्त तिच्या हयातीपुरता. ती विकू शकत नव्हती, मुक्तही करू शकत नव्हती. तिच्या पश्चात ती माणसं पहिल्या नवऱ्याच्या वारसांकडे परत जायची.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातलं. त्याची पत्नी मार्था आधी डॅनियल पार्क कस्टिसची विधवा होती. कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. 1799 मध्ये वॉशिंग्टनने माउंट व्हर्नन इथल्या गुलामांची यादी केली तेव्हा एकूण 317 माणसं होती. त्यांतली 123 त्याची स्वतःची, 153 कस्टिस इस्टेटीची, आणि उरलेली बहुतेक भाड्याने घेतलेली. त्याने मृत्युपत्रात मुक्ती दिली ती आपल्या 123 जणांना. बाकीच्यांवर त्याचा हक्कच नव्हता. चाळीसएक वर्षं दोन्ही गटांतली माणसं एकत्र राहिली होती, त्यांची आपसांत लग्नं झाली होती. नवरा सुटला आणि बायको-मुलं अडकली, असं अनेक घरांत झालं. 1802 मध्ये मार्था वारल्यावर ती माणसं कस्टिसच्या चार नातवंडांत वाटली गेली. म्हणजे माउंट व्हर्ननवरच्या एखाद्या कुटुंबाचा माग काढणाऱ्याने फक्त वॉशिंग्टनचे कागद चाळले तर अर्धं घर हातातून निसटतं. त्याला कस्टिस घराण्याकडे जावंच लागतं.

कागद कसे वाचायचे

आपल्याकडे एखाद्या जमिनीचा जुना फेरफार काढला की एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे, बापाकडून मुलाकडे, विहिरीवरून बांधाकडे असा माग लागतो. इथेही तसंच आहे, फक्त फेरफाराच्या जागी माणसं आहेत.

मृत्युपत्र हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला कागद, पण तो अपुरा असतो. मालक त्यात मोजकीच नावं घेतो: अमुक दासी थोरल्या मुलीला, अमुक सुतार धाकट्या मुलाला, बाकी सगळं समान वाटून. त्या 'बाकी सगळं'मध्ये चाळीस माणसं दडलेली असू शकतात.

खरा खजिना मालमत्तेची यादी. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट शेजारपाजारच्या तिघा-चौघा जमीनदारांना शपथ घालून नेमायचं. ते मळ्यावर जाऊन एकेक वस्तू पाहून किंमत टाकायचे. पलंग, घोडे, तंबाखूचा साठा, चांदीचे चमचे आणि त्याच कागदावर माणसं. ही यादी वाचताना वेग कमी करावा लागतो. नावं कोणत्या क्रमाने आली आहेत ते पाहायचं, कारण बाईच्या नावाखाली ओळीने उतरत्या किमतीची चार लहान नावं असतील तर ती बहुधा तिची मुलं. किंमत पाहायची: तरण्या पुरुषाची जास्त, कारागिराची त्याहून जास्त, म्हाताऱ्यांची नगण्य किंवा शून्य. वय लिहिलं नसेल तर किमतीवरून अंदाज येतो. दहा वर्षांनी दुसऱ्या मृत्यूनंतर दुसरी यादी होते. तिच्यात तीच नावं सापडली, 'मुलगा टॉम'ची किंमत चौपट झालेली दिसली, की ओळख पक्की होत जाते. हे काम करताना पोटात तुटतं, आणि तुटायलाच हवं. पण कागद बाजूला ठेवून चालत नाही, कारण त्या आईचं नाव बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही.

यादीनंतर वाटणीचा कागद येतो, त्यानंतर वर्षानुवर्षांचे हिशेब: कोणाला भाड्याने दिलं, कोणाच्या बाळंतपणाला सुईणीला किती दिले, कोणाला विकून कर्ज फेडलं. सुईणीच्या बिलावरून जन्माचं वर्ष मिळतं. वारस अल्पवयीन असतील तर पालकाने कोर्टाला दिलेले हिशेब असतात. आणि भावंडं भांडली असतील तर शोधणाऱ्याचं नशीब उघडलं, कारण मालमत्तेच्या दाव्यात साक्षीदार तीन-तीन पिढ्यांची नाती सांगतात. व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयाने, रिचमंडमध्ये, अशा दाव्यांची प्रचंड दप्तरं आता ऑनलाइन खुली केली आहेत.

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लेकींकडे. घराण्याची वंशावळ काढणारे बाप-मुलगा-नातू अशी आडनावाची काठी धरून चालतात. जमीन बऱ्याचदा त्याच काठीने जाते. गुलाम माणसं मात्र मोठ्या प्रमाणात लेकींबरोबर गेली: लग्नाच्या करारनाम्यातून, बक्षीसपत्रातून, बापाच्या मृत्युपत्रातून. लग्न झालं की मुलीचं आडनाव बदलतं, तिच्या नावची माणसं कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जातात, आणि पुढच्या कागदावर माहेरचा मागमूस राहत नाही. म्हणून मालकाच्या घरी अचानक वीस नवी नावं दिसली की आधी बाजारातल्या खरेदीचा विचार करू नये. त्याच्या बायकोचा बाप नुकताच वारला का, ते पाहावं.

जेफरसनच्या बाबतीत नेमकं तसं आहे. तो स्वतःच्या शेतीची एक वही ठेवायचा. ती आज बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. तिच्यात जानेवारी 1774 च्या दोन याद्या आहेत. एक त्याच्या स्वतःच्या गुलामांची, दुसरी वेल्सच्या इस्टेटीतून बायकोच्या हक्काने आलेल्या गुलामांची. या दुसऱ्या वाट्याने त्याच्याकडे 135 माणसं आली. जेफरसन घराण्याचा कितीही खोल अभ्यास केला तरी या 135 जणांचे पूर्वज तिथे सापडणार नाहीत. त्यासाठी सासऱ्याकडे, आणि हेमिंग्ज कुटुंबासाठी त्याच्याही मागे, सासूच्या माहेरी जावं लागतं.

तिथे पोचलं की दुसरी अडचण उभी राहते. एप्स घराण्यात जवळजवळ प्रत्येक पिढीत एक फ्रान्सिस आहे. पहिल्या फ्रान्सिस एप्सला 1635 मध्ये 1700 एकरांची सनद मिळाली. वसाहतीत आणलेल्या प्रत्येक माणसामागे 50 एकर असा तेव्हाचा नियम, म्हणजे 34 माणसांचा हिशेब. त्याच्यानंतर मुलगा, नातू, पुतणे, चुलतभाऊ असे इतके फ्रान्सिस झाले की इतिहासकारांना त्यांना क्रमांक द्यावे लागले. एलिझाबेथ ज्याच्या मालकीची होती तो चौथा मानला जातो. अशा वेळी नावावर विसंबायचं नाही. बायकोचं नाव, जमिनीची हद्द, साक्षीदार आणि मृत्युपत्राचा अंमल कोणावर सोपवला, या चार गोष्टींवरून माणूस वेगळा काढायचा. नावापुढचा 'ज्युनियर'ही फसवतो. त्या काळी एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनियर म्हणत, मग तो पुतण्या असो वा परका.

जागा आणि काळही हलते असतात. बर्म्युडा हंड्रेड आधी हेन्रिको काउंटीत होतं. 1749 मध्ये त्यातून चेस्टरफील्ड काउंटी वेगळी निघाली. माणसं जागची हलली नाहीत, पण त्यांचे कागद दुसऱ्या कोर्टात जाऊ लागले. इंग्लिश वसाहतींत 1752 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे कागदावरचा फेब्रुवारी 1733 आपल्या हिशेबाने 1734 असतो. मृत्युपत्राआधीच ते कोर्टात सिद्ध झाल्याचा चमत्कार दिसला तर कारण हेच. आणि काही ठिकाणी कागदच नाहीत. वेल्सचं घर होतं त्या चार्ल्स सिटी काउंटीच्या दप्तराची यादवी युद्धात मोठी नासधूस झाली. जेम्स सिटीसारख्या काउंट्यांनी तर सुरक्षित राहावं म्हणून दप्तर रिचमंडला पाठवलं आणि एप्रिल 1865 मध्ये शहर जळताना ते तिथे भस्मसात झालं. मग शेजारच्या काउंट्या, खासगी पत्रं, इंग्लंडमधल्या व्यापाऱ्यांचे दावे, अशी आडवाट धरावी लागते.

वेल्सच्या बाबतीत ती आडवाट फार बोलकी आहे. तो ब्रिस्टलच्या फॅरेल अँड जोन्स या पेढीचा इथला माणूस होता आणि मरताना तिचा मोठा कर्जदार. त्याचे तिघे जावई, म्हणजे जेफरसन, फ्रान्सिस एप्स आणि हेन्री स्किपविथ, हे साडू इस्टेटीचे कारभारी. त्यांनी कर्ज फिटण्याआधीच मालमत्ता वाटून घेतली आणि कर्ज प्रत्येकाच्या मानगुटीवर बसलं. जेफरसन ते दशकानुदशकं फेडत राहिला. या भांडणातल्या कागदांमुळेच 1772 मध्ये 'प्रिन्स ऑफ वेल्स' नावाच्या जहाजातून आलेल्या गुलामांच्या विक्रीत वेल्स भागीदार होता, हे ठळकपणे कळतं. सुसंस्कृत वकिलाच्या घराण्याची वंशावळ काढता काढता आपण गुलामांच्या जहाजापाशी पोचतो.

कागद जिथे गप्प बसतो

एलिझाबेथ हेमिंग्जला बारा मुलं झाली. त्यांतली सहा, रॉबर्ट, जेम्स, थेनिया, क्रिटा, पीटर आणि सॅली, खुद्द वेल्सची होती असं हेमिंग्ज कुटुंबाची आठवण सांगते. धाकटी सॅली 1773 चीच, बाप मेला त्या वर्षी जन्मलेली. वेल्सच्या वारसांत लेकींची नावं आहेत. ही सहा मुलं वारस म्हणून नाहीत. ती वाटणीच्या बाजूला आहेत, आईच्या नावाखाली. एकाच बापाची मुलं, काही वाटून घेणारी आणि काही वाटली जाणारी. वेल्सची थोरली लेक मार्था जेफरसनची बायको, आणि सॅली तिची सावत्र बहीण, तिच्याच घरात गुलाम.

मग हे कळलं कसं? सॅलीचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने 1873 मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राला आपली कहाणी सांगितली. आजी एलिझाबेथ, आजोबा वेल्स, बाप जेफरसन, सगळं नावानिशी. त्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. मॅडिसनच्या शब्दावर मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ बहुतेक गोऱ्या इतिहासकारांनी विश्वास ठेवला नाही. 1998 मध्ये जेफरसनच्या काकाच्या पुरुषवंशातले लोक आणि मॅडिसनचा भाऊ एस्टन याचा वंशज यांच्या वाय गुणसूत्रांची, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्रांची, तुलना झाली आणि ती जुळली. जनुकांनी एकट्याने थॉमसचं नाव घेतलं नाही, ती एवढंच सांगतात की बाप जेफरसन घराण्यातला होता. पण सॅलीला दिवस राहिले त्या प्रत्येक वेळी थॉमस जेफरसन मॉन्टिचेलो या आपल्या मळ्यावर हजर होता, हे त्याच्या स्वतःच्याच नोंदींवरून आधीच दिसत होतं. कुटुंबाची आठवण, मालकाची वही आणि प्रयोगशाळा अशा तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर चित्र उभं राहतं. मला वाटतं, यात आठवणीला शेवटचं स्थान देण्याची सवय आपण सोडायला हवी. कागद लिहिणाऱ्याला लपवायचं कारण होतं. सांगणाऱ्या नातवाला नव्हतं.

कागदांची रेषा जेफरसनपाशी थांबत नाही. 1797 मध्ये त्याची धाकटी मुलगी मारिया आपल्या मावसभावाशी, जॉन वेल्स एप्सशी लग्न करून गेली आणि जेफरसनने करारनाम्यात तिला काही माणसं दिली. त्यांत एलिझाबेथची नात बेट्सी हेमिंग्ज होती, चौदा वर्षांच्या आसपासची. एप्सांच्या लेकीबरोबर हे कुटुंब निघालं होतं आणि अर्धशतकाने त्याची एक फांदी एप्सांच्याच सुनेबरोबर परत गेली. फक्त आडनावाची काठी धरणाऱ्याला हा फेरा कधीच दिसणार नाही.

4 जुलै 1826 ला जेफरसन वारला तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून जास्त कर्ज होतं. मृत्युपत्रात त्याने पाच जणांना मुक्ती दिली, पाचही हेमिंग्ज कुटुंबातले. मोजदाद करणाऱ्यांनी 53 वर्षांच्या सॅलीची किंमत लावली 50 डॉलर. तिला मृत्युपत्रात मुक्ती नव्हती. जेफरसनच्या लेकीने तिला कागदाशिवाय जाऊ दिलं. जानेवारी 1827 मध्ये मॉन्टिचेलोवर लिलाव झाला आणि जाहिरातीत 130 गुलामांचा आकडा होता.

लिलावाच्या नोंदीत विकलेल्याच्या नावासमोर घेणाऱ्याचं नाव असतं, आणि शोध तिथून नव्या घराण्याकडे वळतो. त्याचा नमुना म्हणजे जोसेफ फॉसेट. लोहार, बेट्सीचा भाऊ, मुक्ती मिळालेल्या पाचांपैकी एक. त्याची बायको इडिथ आणि मुलं मात्र या लिलावात वेगवेगळ्या लोकांकडे गेली. मुलगा पीटर तेव्हा अकरा वर्षांचा होता. इडिथला दोन धाकट्या मुलांसह जेसी स्कॉट याने घेतलं. नुसती यादी वाचणाऱ्याला स्कॉट हा आणखी एक खरेदीदार वाटेल. प्रत्यक्षात तो जोसेफच्या सावत्र बहिणीचा नवरा, आणि ही खरेदी घरच्यांनी घरच्यांना सोडवण्यासाठी केलेली.

पुढे 1837 मध्ये आल्बेमार्ल काउंटीच्या कोर्टात एक मुक्तिपत्र नोंदवलं गेलं. मालक: जोसेफ फॉसेट. मुक्त केलेली मालमत्ता: त्याची बायको, मुलं आणि नातवंडं. 1806 च्या कायद्याप्रमाणे मुक्त झालेल्याला परवानगीशिवाय व्हर्जिनियात वर्षाहून जास्त राहता येत नसे, त्यामुळे नवरा कागदावर मालक असणं हीच काही वेळा कुटुंब एकत्र ठेवण्याची सोय असे. म्हणून गुलाम ठेवणाऱ्यांच्या यादीत एखादा मुक्त कृष्णवर्णीय माणूस दिसला तर त्याच्या नावापुढे शेरा मारण्याआधी त्याचं कुटुंब शोधावं. फॉसेट कुटुंब नंतर ओहायोतल्या सिनसिनाटीला गेलं. ओहायोत गुलामगिरी नव्हती आणि 1850 पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहिलं जायचं. तिथून पुढे या लोकांना शोधण्यासाठी कोणाच्याही मृत्युपत्राची गरज उरत नाही.